चिमट्याला गुंडाळलेली ट्यूब

दरवर्षी खंडेनवमीला आमच्या घरी सायकली धुतल्या जातात. पूर्वी घरात वडिलांची एकच सायकल होती, बावीस इंची, काळी, चेनकव्हर असलेली. ती धुऊन, पुसून, हँडलला झेंडूची माळ घातली की पूजा उरकत असे. आता सायकली तीन झाल्या आहेत आणि त्यांच्यापायी अर्धा दिवस जातो, कारण माझ्या सायकलच्या मागच्या चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या नळीला, गुंडाळलेली ट्यूब त्या दिवशी सोडायची, खालचा रंग नीट न्याहाळायचा आणि मग त्या जागी नवी जुनी ट्यूब गुंडाळायची, असा नेम मी स्वतःला लावून घेतला आहे. 'नवी जुनी' हा शब्दप्रयोग चुकून झालेला नाही. वर्षभरात ठिगळांच्या पलीकडे गेलेली एखादी तरी ट्यूब घरात साठतेच आणि चिमट्याच्या दृष्टीने ती नवीच असते. हा नेम मात्र मला आपोआप सुचलेला नाही, एका फजितीने तो शिकवला.

काही वर्षांपूर्वी मी गिअरची सायकल घेतली. फ्रेम क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या, पोलादाची, नळ्या बारीक, रंग गडद हिरवा. पुण्याच्या रस्त्यांवर चार दिवस चालवली आणि प्रत्येक खड्ड्यावर उजव्या पायाजवळून 'खडाड्' असा आवाज येऊ लागला. आधी वाटले, काहीतरी सैल झाले आहे. सगळे नट आवळून पाहिले, आवाज तसाच. शेवटी एका संध्याकाळी सायकल उलटी करून पाहिली, तेव्हा उजव्या बाजूच्या आडव्या चिमट्यावर, म्हणजे पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळीवर, तांदळाच्या दाण्याएवढे रंगाचे टवके उडालेले दिसले. दुकानात मागचे चाक धरणाऱ्या नळ्यांच्या आडव्या आणि तिरप्या अशा दोन्ही जोड्यांना सरसकट 'मागचा चिमटा' म्हणतात. हल्लीचे सायकलस्वार या आडव्या नळीला चेनस्टे म्हणतात. टवके वरच्या बाजूला होते तसेच खालच्याही बाजूला होते.

वडिलांच्या सायकलला असे कधी झाले नव्हते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या सायकलच्या चेनला पुढे एक दात्यांची चकती आणि मागे एक फ्रीव्हील एवढाच प्रवास असतो. मागचे चाक थोडे ओढून आवळले की चेन ताठ होते आणि तिला उसळायला जागाच उरत नाही. गिअरच्या सायकलमध्ये लहानमोठ्या सगळ्या चकत्यांना पुरावी म्हणून चेन मुद्दाम लांब ठेवलेली असते आणि तिचा झोल मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग खेचून धरते. स्प्रिंग ती स्प्रिंगच. चाक खड्ड्यात आपटले की चेन लाटेसारखी उसळते. तिची वरची बाजू चिमट्यावर वरून आपटते, खालची बाजू खालून. चेन पुढच्या आणि मागच्या दोन्हीकडच्या सर्वांत लहान चकत्यांवर असेल, तर झोल सर्वांत जास्त आणि तडाखाही सर्वांत जास्त. खराब रस्ता समोर दिसताच चेन पुढच्या मोठ्या चकतीवर घेतली, तर निम्मा आवाज तिथेच बंद होतो. हा उपाय फुकट आहे आणि त्याला ट्यूबही लागत नाही, पण रस्त्यावर ते भान दरवेळी राहत नाही.

म्हणून मी ट्यूब गुंडाळली. ही युक्ती माझी नाही. पहाटे दुधाच्या कॅनी वाहणाऱ्या सायकली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कॅरियरला आणि चिमट्याला गुंडाळलेल्या काळ्या रबरी पट्ट्या आठवतील. कॅनची कडी लोखंडावर घासू नये, वाजू नये आणि कॅन सरकू नये, ही तिन्ही कामे पंक्चर झालेली एक ट्यूब करते. मी मात्र ती गुंडाळली एखाद्या नवशिक्याच्या उत्साहाने: या टोकापासून त्या टोकापर्यंत, जागा न सोडता, होता होईल तेवढी ताणून, आणि दोन्ही टोकांना विजेच्या कामाच्या काळ्या चिकटपट्टीचे सहा-सहा वेढे देऊन. आवाज बंद झाला. मी खूष झालो आणि विसरून गेलो.

मध्ये दोन पावसाळे गेले. ताम्हिणी घाटात भर पावसात भिजणे झाले, एकदा दापोलीहून गुहागरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणे झाले. नंतर एकदा ओव्हरहॉलिंगसाठी सायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी चिमट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "गुंडाळलीत ते बरं केलंत. पण सोडून कधी पाहिलीत?" मी नाही म्हणालो. त्यांनी काही न बोलता पात्याने चिकटपट्टी कापली आणि ट्यूबचे शेवटचे टोक उचलले. आतून तपकिरी पाण्याचे दोन-तीन थेंब फरशीवर पडले. पाऊस थांबून तेव्हा तीन आठवडे झाले होते.

पूर्ण ट्यूब सोडल्यावर जे दिसले ते अजून डोळ्यांसमोर आहे. हिरव्या रंगावर गंजाची एक रेघ मळसूत्रासारखी चिमट्याभोवती फिरत गेलेली होती. ट्यूबची कड जिथे जिथे नळीला टेकली होती, नेमकी तिथे तिथे. दोन कडांच्या मधला रंग शाबूत होता. जुन्या टवक्यांच्या जागी मात्र गंजाने रंगाखाली शिरून फुगवटे आणले होते. मागच्या टोकाजवळ, आसापासून दोन बोटांवर, नळीला एक बारीक भोक होते. ते मी चिकटपट्टीखाली झाकून टाकले होते. काकांनी त्यात जुन्या स्पोकचे टोक घातले, तेव्हा आतून काळपट चिखल बाहेर आला.

ते भोक कशासाठी असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. फ्रेम जोडताना नळ्या तापवाव्या लागतात, बंद नळीतली हवा तापली की फुगते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर जोड नीट बसत नाही. म्हणून चिमट्यांना अशी भोके ठेवतात. जोडकाम झाल्यावरही ती उपयोगी पडतात, कारण नळीत शिरलेल्या पाण्याला तिथून बाहेर पडता येते. म्हणजे मी बाहेरून पाणी कोंडले होते आणि आतूनही.

काकांनी पॉलिशपेपरने गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि त्यावर जवळपासचा हिरवा रंग लावला. गंज खोलवर गेला नव्हता. पण क्रोमोलीच्या फ्रेमच्या नळीची जाडी पुष्कळदा मिलिमीटरभरसुद्धा नसते, आणि तेवढ्याशा पोलादावर आणखी तीन पावसाळे तेच चालू राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार मी फार वेळ केला नाही. घरी परत येताना चेन पुन्हा उघड्या चिमट्यावर आपटत होती आणि प्रत्येक खड्ड्यावर मी दात आवळत होतो.

चूक ट्यूबची नव्हती, पण ट्यूबच्या स्वभावाकडे मी लक्ष दिले नव्हते हे खरे. सायकलच्या बहुतेक काळ्या ट्यूब ब्यूटाइल रबराच्या असतात. हे रबर 1937 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीसाठी काम करणाऱ्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या रसायनतज्ज्ञांनी तयार केले. त्याचा मोठा गुण हा की नैसर्गिक रबराच्या तुलनेत त्यातून हवा फारच कमी झिरपते. ऊन आणि ओझोन यांनाही ते चांगले तोंड देते. म्हणूनच ते ट्यूबसाठी आवडते झाले. पण जे रबर चाकातली हवा बाहेर जाऊ देत नाही, ते चिमट्यावरचे पाणीही बाहेर जाऊ देणार नाही, हे उघड आहे. दोन वेढ्यांच्या फटीतून पाणी आत ओढले जाते, जसे ते दोन काचांच्या मध्ये ओढले जाते; परत जायला मात्र त्याला वारा मिळत नाही आणि ऊनही मिळत नाही. त्यात कोकणातल्या खाऱ्या हवेचे मीठ मिसळले की गंजाला आणखी काही लागत नाही.

तरीही मी तयार वेष्टनाकडे वळलो नाही. निओप्रिन या कृत्रिम रबराची, चिकटबंदाची वेष्टने बाजारात मिळतात. ती दिसायला सुबक असतात, पण त्यांच्या आतल्या बाजूचे कापड पाणी शोषून धरते आणि पावसाळ्यात ते पायमोज्यासारखे ओले राहते. पारदर्शक चिकट फिल्म चांगली असते, मात्र ती नव्या, अखंड रंगावर; माझ्या डागडुजी केलेल्या चिमट्यावरून ती काढताना रंगच तिच्याबरोबर निघून आला असता. जुन्या ट्यूबला गोंद लागत नाही, ती ताणाने स्वतःलाच धरून राहते आणि हवी तेव्हा सोडता येते. शिवाय तिचे दुसरे करायचे तरी काय? गंधक घालून पक्के केलेले रबर प्लॅस्टिकसारखे वितळवून पुन्हा ओतता येत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. आमच्याकडे येणारा भंगारवाला लोखंड घेतो, रद्दी घेतो, पण ट्यूब दिसली की मान हलवतो.

तेव्हा पद्धत बदलली. ती इथे जरा तपशिलाने लिहितो, कारण फरक सगळा तपशिलातच आहे.

ट्यूबचा वॉल्व्हजवळचा भाग कापून टाकल्यावर माझ्या सायकलच्या बारीक ट्यूबची सुमारे पावणेदोन मीटरची पट्टी उरते. ती उभी चिरायची गरज नाही. तशीच चपटी केली तर साधारण तीन सेंटीमीटर रुंद होते आणि दुहेरी थर मिळतो. मात्र एका टोकाने ती उलटी करून पाहिली तर आत शंखजिऱ्याची पांढरी पूड दिसते. कारखान्यात ट्यूबच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ती भुरभुरलेली असते. पट्टीच्या एका टोकातून नळाचे पाणी सोडून ही पूड धुऊन काढावी, बाहेरून साबणाने धुवावे आणि सावलीत दोऱ्यावर वाळत घालावे. पूड राहिली तर ती ओल धरते, आणि कापलेल्या टोकांतून बाहेर येऊन वेढे घसरवते.

चिमटा मी दोऱ्याने मोजला. पुढे, पायडलच्या आसाच्या जाड नळीजवळ, घेर सात सेंटीमीटर; मागे साडेचारच्या आसपास; सरासरी सहा धरली. चेन जिथे आपटते तो पट्टा मोजून अठ्ठावीस सेंटीमीटर भरला. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा म्हणजे दर वेढ्याला जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे सरकणे होते, आणि असे एकोणीस-वीस वेढे लागतात. वीस गुणिले सहा, म्हणजे एकशे वीस सेंटीमीटर, आणि ताणल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. एक ट्यूब पुरून उरते. पहिल्या वेळी मी दोन ट्यूब संपवल्या होत्या, त्या कशा ते आता सांगता येत नाही.

गुंडाळायला कुठून सुरुवात करायची, याला उत्तर कौलारू छपराने दिले. छपरावर खालची ओळ आधी लावतात आणि वरची ओळ तिच्यावर चढवतात, म्हणून पाणी सांध्यात न शिरता वरून घरंगळून जाते. सायकलमध्ये पायडलचा आस चाकाच्या आसापेक्षा खाली असतो, म्हणजे आडवा म्हटला तरी हा चिमटा पुढच्या बाजूला उतरता असतो. तेव्हा सुरुवात पुढून, खालच्या टोकाकडून करायची आणि मागे चढत जायचे. मी आधी बरोबर उलटे केले होते. माझा प्रत्येक सांधा पाण्याकडे तोंड करून उभा होता. पुढून सुरुवात केल्याने आणखी एक सोय होते, पहिले टोक पुढच्या वेढ्याखाली दाबले जाते आणि त्याला चिकटपट्टी लागत नाही. मागचे टोकही मी आता चिकटपट्टीने बांधत नाही. शेवटचे दोन वेढे सैल ठेवतो, टोक त्यांच्या खालून घालून ओढतो आणि मग वेढे अंगठ्याने फिरवत आवळत नेतो. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवरच्या दोऱ्याचे टोक जसे दोऱ्याखालीच गायब करतात, तसे. हे वेष्टन चाकूशिवाय सोडता आले पाहिजे, एवढी एकच अट मी पाळतो. ज्याला कापावे लागते, ते आपण कधीच उघडून पाहत नाही.

मागच्या टोकाला तीन बोटे जागा उघडी सोडतो, म्हणजे ते भोक मोकळे राहते. माझ्या सायकलची मागच्या गिअरची केबल चिमट्याच्या खालच्या अंगाने जाते. ट्यूब तिच्या आतून घ्यायची, वरून नाही. वरून घेतली तर केबल दाबली जाते आणि गिअर बदलताना ती अडखळू लागते. मग माणूस डिरेलरचे स्क्रू पिळत बसतो आणि दोष भलतीकडेच असतो. सगळे झाल्यावर चाक आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने फिरवून पाहायचे. चिमट्याचा पुढचा भाग टायरला आणि चकत्यांना फार जवळ असतो, आणि दुहेरी ट्यूबचा थर तिथे घासू शकतो. गुंडाळण्याआधी कोरड्या नळीला मोटारीच्या मेणाच्या पॉलिशचा पातळ हात देतो. ग्रीस देत नाही, कारण ब्यूटाइल रबराला खनिज तेलाचे वावडे असते. चेनच्या तेलाने चिमट्यावरची ट्यूब वर्षभरात फुगते, मऊ पडते, बोटाला काळी चिकटी सोडते. तेव्हा ती दरवर्षी बदलायची ती केवळ गंज तपासण्यासाठी नव्हे; तिचे आयुष्यही तेवढेच असते.

चिमट्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचे ठिकाण सीटखाली आहे आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही. सीटचा दांडा ज्या उभ्या नळीत जातो, तिच्या तोंडाशी एक चीर असते. क्लॅम्प आवळला की ती मिटते आणि दांडा पकडला जातो. पुष्कळ सायकलींत ही चीर मागच्या बाजूला असते, नेमकी मागच्या चाकासमोर. मडगार्ड नसेल तर चाकाने उडवलेले पाणी आणि बारीक वाळू थेट तिच्यात जाते, नळीतून खाली उतरते आणि पायडलच्या आसाभोवतीच्या छर्‍यांपाशी साठते. माझ्या सायकलचे बेअरिंग एका पावसाळ्यात कुरकुरू लागले, त्याचे मूळ एवढ्या वर होते. याला उपाय म्हणजे जाड टायरच्या सायकलच्या ट्यूबचा हाताच्या चार बोटांएवढा रुंद तुकडा. सीटचा दांडा काढायचा, हा तुकडा बांगडीसारखा नळीच्या तोंडावर चढवायचा, दांडा परत घालून उंची लावायची, क्लॅम्प आवळायचा आणि मग तुकडा वर ओढून क्लॅम्प, चीर आणि दांड्याचा खालचा भाग एकदम झाकून टाकायचा. बारीक ट्यूब इथे चालत नाही, चढवतानाच फाटते. शेजारच्या मुलाच्या सायकलची फुटलेली ट्यूब मी मागून आणली होती, त्यातून तीन पावसाळ्यांच्या बांगड्या निघाल्या. इथेही सोडून पाहण्याचा नियम तोच. पाऊस संपला की बांगडी खाली सरकवायची, दांडा बाहेर काढायचा आणि सायकल रात्रभर उलटी ठेवायची. पहिल्या वर्षी सकाळी फरशीवर वाटीभर नाही, पण दोन-तीन चमचे पाणी होते.

बाटलीचा स्टँड बसवण्यासाठी फ्रेमवर जी भोके असतात, त्यांतली माझी दोन रिकामी होती. तिथूनही पाणी आत जाते. जुन्या स्टँडचे पाच मिलिमीटरचे स्क्रू ग्रीस लावून त्यांत फिरवून टाकले, तो विषय संपला.

हँडलजवळच्या केबलींचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. त्या आपटत नाहीत, घासतात. हँडल दर वेळी वळते तेव्हा ब्रेकच्या केबलचे आवरण हँडलखालच्या नळीवरून सरकते, मध्ये धूळ असते, आणि धुळीसकट ते आवरण पॉलिशपेपरचेच काम करते. वर्षभरात तिथे रंगाचा अर्धचंद्र उडतो. फ्रेमला काहीतरी चिकटवण्यापेक्षा मी केबलच्या आवरणालाच ट्यूबची बोटभर रुंद पट्टी गुंडाळतो; म्हणजे ओल साठली तरी ती प्लॅस्टिकवर साठते, पोलादावर नाही. आडव्या दांड्याखालून ब्रेकची उघडी तार जात असेल आणि ती दांड्यावर टिकटिक करत असेल, तर जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमधली वालट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, कामाला येते. केबल बदलताना तिचे बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे तारेत ओवून ठेवायचे. माझ्या पिढीच्या लोकांकडे वालट्यूबचा एखादा तुकडा अजूनही कुठल्यातरी डबीत सापडतो.

टायरचा उपयोग मला दाभोळला कळला. दाभोळहून खाडीपलीकडच्या धोपाव्याला जायला फेरीबोट असते; गाड्या मधोमध उभ्या राहतात आणि सायकल कडेच्या लोखंडी कठड्याला टेकवावी लागते. इंजिन सुरू झाले आणि अख्खी बोट थरथरू लागली. मी खाडीकडे पाहत होतो. पलीकडे उतरताना आडव्या दांड्यावर, कठडा टेकला होता तिथे, रुपयाएवढी जागा चकचकीत, उघडी दिसली. त्याच क्षणी लक्षात आले की बोट जिथे धक्क्याला लागत होती, तिथे बोटीच्या अंगाला ट्रकचे जुने टायर लटकवलेले होते. बोटवाल्यांना जे ठाऊक होते ते मला त्यांच्याच बोटीवर सुचले नव्हते.

तेव्हापासून सामानात झिजलेल्या टायरचा वीतभर तुकडा असतो. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार असते. ती कडेसकट कापून टाकणे फार आवश्यक आहे, कारण तुकडा कापल्यावर तारेची टोके उघडी पडतात आणि ज्या रंगाला वाचवायचे त्यालाच ती ओरखडतात. उरलेला मधला पट्टा दांड्यावर पालथा घालायचा, म्हणजे नक्षीची बाजू बाहेर, आणि ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी बांधायचा. बोटीत, टेम्पोत किंवा रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकल जाणार असेल तेवढ्यापुरताच तो लावतो, एरवी पिशवीत ठेवतो, कारण त्याच्या पोकळीत वाळू शिरली की तोच घासू लागतो. पुढच्या चाकाने उडवलेली खडी ज्या तिरप्या दांड्याच्या पोटावर आपटते, तिथे तुटलेल्या प्लॅस्टिक मडगार्डचा तुकडा अशाच पट्ट्यांनी बांधला आहे. तो मात्र कायमचा, कारण मध्ये हवा खेळते.

काही प्रयोग फसलेही. जुन्या सीटचे चामडे चिमट्याला शिवून पाहिले. दिसायला इतके देखणे झाले की दोघातिघांनी विचारलेसुद्धा, पण पहिल्या पावसात ते भिजले ते गणपतीपर्यंत वाळले नाही. हँडलची जुनी गुबगुबीत पट्टीही तशीच, स्पंजासारखी. उन्हाळ्यात ठीक आहे. मित्राची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. तिला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही, पण खाऱ्या पाण्याने तिच्याही रंगाखाली पांढरी भुकटी धरली होती, तेव्हा त्यानेही आता सोडून पाहायला सुरुवात केली आहे. कार्बनच्या फ्रेमला गंजाची भीती नाही, घासण्याची आहे. बॅगेच्या पट्ट्याखाली वाळू अडकली तर ती वरचा लेप खाऊन आतल्या धाग्यांपर्यंत पोचते. तिथे पट्ट्याखाली ट्यूबचा स्वच्छ तुकडा पुरतो, फक्त तो रोज पुसावा लागतो.

यंदाच्या खंडेनवमीला ट्यूब सोडली, तेव्हा खाली मेणाचा थर थोडा मळकट झाला होता आणि मागच्या टोकाजवळ एका कडेला मोहरीएवढा तांबूस ठिपका होता. तिथे बहुधा मी वेढा घाईने घातला असावा. ठिपका घासून रंगाचा थेंब दिला आणि तो वाळेपर्यंत वडिलांची काळी सायकल धुवायला घेतली. तिला मी काहीही गुंडाळलेले नाही. तिची चेन ताठ असते, चेनकव्हर शाबूत आहे, रंग जाड आहे. फक्त व्हरांड्याच्या भिंतीला जिथे तिची सीट टेकते, तिथे भिंतीवर खिळा मारून टायरचा एक तुकडा लावला आहे. वडील म्हणाले, "अरे, पण तो भिंतीला लावलायस, सायकलला नाही." मी हो म्हटले आणि झेंडूची माळ आणायला आत गेलो.